भाचीसाठी पुस्तकं

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वडील ती बारावीत असतानाच गेले, दादा आणि वहिनी दूरच्या शहरात राहायला गेले त्यालाही आठ वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी आईही गेली. तेव्हापासून धाकटी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. पण छत्तिसाव्या वर्षीही ती स्वतःशी बोलताना स्वतःला याच नावानं हाक मारायची. धाकटे, ऊठ. धाकटे, दूध उतू जाईल.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून ती साचे काढायची, मेणात एकेक दात बसवायची, मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून ते शिजवायची आणि शेवटी चाकावर घासून लख्ख करायची. कामाची खोली एका इमारतीच्या मागच्या अंगाला होती. एक खिडकी, एक पंखा आणि फळीवर ओळीनं मांडलेले परक्या माणसांचे जबडे. चौदा वर्षांत तिनं हजारो तोंडं आतून पाहिली होती, पण त्यांतला एकही चेहरा तिला माहीत नव्हता. डब्याबरोबर चिठ्ठी यायची : वरची पूर्ण, खालची अर्धी, रंग अमुक, गुरुवारपर्यंत. गुरुवारी डबा परत जायचा. कवळी नीट बसली तर कुणी कळवत नसे. टोचली तरच फोन यायचा.

आईच्या आजारपणात दोन वर्षं तिनं इस्पितळात खेटे घातले. त्या खेट्यांत ती रिपोर्ट वाचायला शिकली. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरनं एकदा औषधाच्या खोक्यामागे मूत्रपिंडाची आकृती काढून तिला सगळं समजावलं होतं. तिचे प्रश्न ऐकून त्यानं विचारलं, तुम्ही याच क्षेत्रातल्या का? ती म्हणाली, दातांच्या कामातली आहे. मग डॉक्टर का नाही झालात, असं म्हणून तो पुढच्या खाटेकडे वळलासुद्धा. त्यानं ते आपलं सहज विचारलं होतं. तिच्या मनात मात्र ते घर करून बसलं.

तसं पाहिलं तर उत्तर सोपं होतं. बारावीला तिला मार्क चांगले होते, पण वडील गेल्यावर घराला लवकर हातभार लावील असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहिला गेला. त्याचं तिला कधी फारसं वाईटही वाटलं नव्हतं. पण आई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात वर्तमानपत्रात बातमी आली, की वैद्यकीय प्रवेश परीक्षेची वयाची अट काढून टाकली आहे. तिनं ती तीनदा वाचली, मेण कापायच्या सुरीनं कापून घेतली आणि आठवडाभर पाकिटात घालून हिंडली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी कोण?

आधी ती क्लासमध्ये गेली. काउंटरवरच्या मुलीनं हसून फॉर्म पुढे केला आणि पाल्याला बरोबर आणलं नाही का, असं विचारलं. फॉर्मवर पालकाच्या सहीसाठी चौकट होती. काचेच्या दारापलीकडे शंभरेक मुलं माना खाली घालून लिहीत होती, आणि त्यांतलं कुठलंही तिच्या निम्म्या वयाचं होतं. विचार करून सांगते म्हणून ती माहितीपत्रक घेऊन बाहेर पडली.

मग फोनवरचे धडे. शिकवणारा मोठा हुशार होता, फळ्यावर रंगीत खडूंनी सुरेख आकृत्या काढायचा. पण दर धड्याच्या शेवटी तो म्हणायचा, बाळांनो, तुमच्या आईबाबांची स्वप्नं तुमच्या हातात आहेत. तिसऱ्या दिवशी तिनं फोन उपडा ठेवला. बाळ म्हणून घ्यायला तिची हरकत नव्हती. पण पुढचं वाक्य ऐकल्यावर घर फार शांत व्हायचं.

राहिली पुस्तकं. कुलपांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध एक लांबोडकं पुस्तकांचं दुकान होतं. मालक साठीच्या पुढचे. दुकान काढण्याआधी सव्वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेले, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांनी एक अख्खी भिंत भरली होती. हमखास यश, साठ दिवसांत तयारी, दहा हजार प्रश्न, वीस हजार प्रश्न. धाकटीनं हाताला लागतील तशी पाच ठोकळे पुस्तकं उचलली आणि काउंटरवर आणून ठेवली.

"कुणासाठी?" सरांनी विचारलं.

"भाचीसाठी," ती म्हणाली.

शब्द तोंडातून निसटून गेला. भाची म्हटलं की बहीण आली, आणि तिला बहीण नव्हती. पुतणी तरी म्हणायचं होतं, भाऊ तरी खरा होता. पण बंदुकीतून सुटलेली गोळी आणि तोंडातून सुटलेला शब्द. एका क्षणात तिला एक थोरली बहीण झाली, बहिणीला मुलगी झाली, आणि ती मुलगी एकदम बारावी पाससुद्धा होऊन बसली.

सरांनी पुस्तकांना हात लावला नाही. आधी विचारलं, मुलगी कशात बरी आहे? धाकटीनं जे होतं तेच सांगितलं. जीवशास्त्र चांगलं, रसायन बरं, भौतिकशास्त्राचं नाव काढलं की पोटात गोळा. अभ्यासाला वेळ कधी मिळतो? पहाटे दोन तास, बाकी दिवस कामात जातो. मुलगी नोकरी करते का, असं सरांनी चकित होऊन विचारलं. घरची परिस्थिती, एवढंच ती म्हणाली. सरांनी मान हलवली आणि पाचातली चार पुस्तकं परत भिंतीवर नेऊन ठेवली. पाठ्यपुस्तक आधी पुरं करायचं, त्याच्या जोडीला हे एक गणितांचं, बाकीचं नंतर. एक ना धड भाराभर चिंध्या, ते म्हणाले, नापास होणाऱ्यांच्या घरी पुस्तकं कमी नसतात, जास्त असतात.

पटलं तरी भीती जात नाही. पुढच्या दोन महिन्यांत तिनं इकडूनतिकडून आणखी नऊ पुस्तकं आणली. टेबल लहान होतं, म्हणून आईच्या पलंगावर ती पसरली. उशीपासून पायथ्यापर्यंत पलंग भरला. सकाळी उठून त्या खोलीत गेलं की तिकडे पाहून जरा बरं वाटायचं, पलंग रिकामा दिसत नाही म्हणून. वाचायची मात्र ती दोनच, सरांनी दिलेली.

दर शनिवारी काम आटोपलं की ती दुकानात जायची. कधी पेन्सिल घ्यायला, कधी वही, कधी नुसतंच. सर विचारायचे, काय म्हणते आमची विद्यार्थिनी? आणि धाकटी आठवडाभराचं सगळं सांगायची. रसायनात बहुवारिकांचं, म्हणजे पॉलिमरचं, प्रकरण आलं तेव्हा तिला पानावर आपलंच गुलाबी अ‍ॅक्रिलिक भेटलं. जी पूड ती चौदा वर्षं मोजून कालवत होती, तिच्या आत काय चालतं ते तिला पहिल्यांदा कळलं, आणि ते प्रकरण एका बैठकीत संपलं. भाचीनं एका बैठकीत संपवलं हो, असं तिनं सांगितलं तेव्हा सर इतके खूश झाले, की त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकालाही ते सांगितलं. ती तापानं चार दिवस पडून होती तेव्हा भाचीला ताप आला. पुढच्या शनिवारी सरांनी आधी तापाचं विचारलं, मग अभ्यासाचं. तिच्या तापाची एवढी चौकशी आई गेल्यापासून कुणी केली नव्हती. ती चौकशी आपली नव्हे, हे तिला रस्त्यात आठवलं आणि ती घरापर्यंत भरभर चालत गेली.

खरं सांगून टाकावं असं दर शनिवारी वाटायचं. पण आठवड्यात बाकी बोलणं होतं ते दवाखान्याच्या माणसाशी, डबा आला का, आणि डबा गेला का. हे एक बोलणं मोडायला मन धजेना.

मग भौतिकशास्त्राची गाडी परिवलनावर अडली. चाकं, भोवरे, कड्या, सगळं स्वतःभोवती फिरणारं. धाकटीचं डोकंही त्यांच्याबरोबर गरगरायचं. तीन शनिवार तिनं तेच गाऱ्हाणं सांगितल्यावर सरांच्यातला मास्तर जागा झाला. रविवारी दुकान बंद असतं, ते म्हणाले, दहा वाजता तिला घेऊन या, तासाभरात समजावतो. धाकटी म्हणाली, ती लाजते. सर म्हणाले, लाजू दे. एका रविवारी भाचीला काम निघालं, दुसऱ्या रविवारी तिच्या घरी पाहुणे आले. तिसऱ्या वेळी सरांनी दिवस तिलाच ठरवायला सांगितला. पळायला वाट उरली नाही.

त्या रविवारी ती एकटीच गेली. शटर अर्धं वर होतं. आत सरांनी काउंटर बाजूला सरकवून जागा केली होती. एक फिरतं स्टूल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेला फळा, आणि सायकलचं एक सुटं चाक, ज्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी धरायला लाकडी मुठी बसवल्या होत्या. इस्त्रीचा सदरा घातलेले सर तिच्या पाठीमागच्या रस्त्याकडे बघत होते.

"कुठे आहे ती?"

"सर, भाची नाही," धाकटी म्हणाली. "परीक्षेला मी बसतेय."

सरांना ते लगेच कळलं नाही. आज आली नाही का, असं त्यांनी विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग ते खुर्चीवर बसले.

"आणि तो ताप?"

"मला आला होता."

"तुमची बहीण?"

"बहीण नाही मला. एक भाऊ आहे, तो लांब असतो."

सरांनी चाकाची मूठ उगाच घट्ट करून पाहिली. मग ते म्हणाले, "मी घरी सांगत होतो तिच्याबद्दल. दर शनिवारी आमची ही विचारायची, आज काय म्हणाली म्हणून." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला जड गेलं. ती माफी मागू लागली, तेव्हा त्यांनी हात वर केला. आज राहू द्या, एवढंच म्हणाले. ती बाहेर आली आणि मागे शटर खाली आलं.

त्यानंतर ती दुकानात गेली नाही. शनिवार आला की कामच जास्त करायची. जबड्यांच्या फळीखाली बसून ती परिवलनाची व्याख्या पाठ करायची. पाठ व्हायची, कळायची नाही. एकदा रागारागानं तिनं आईच्या पलंगावरची पुस्तकं उतरवून खोक्यात भरली. पलंग मोकळा झाला. मग त्या मोकळ्या पलंगाकडे पाहवेना, म्हणून तिनं खोलीचं दार लोटून घेतलं.

परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा नवा संच निघाला. तो बाकी कुठे मिळेना. शेवटी मन घट्ट करून ती गेली. काउंटरवर सर नव्हते, त्यांची बायको होती. जाडजूड, चष्मा दोरीला अडकवलेली. संचाचं नाव ऐकताच तिनं चष्मा चढवून धाकटीला नीट निरखलं.

"भाचीच्या मावशी तुम्हीच ना?"

धाकटीनं मान हलवली. आता बोलणी खायची, अशा तयारीनं ती उभी राहिली. पण बाईंनी संच काढून पुसला आणि सांगू लागल्या. शाळा सुटल्यापासून यांना शिकवायला कुणी नाही. पोरं येतात, पुस्तक घेतात, जातात. ही भाची निघाली म्हटल्यावर माणूस हुरळून गेला. ते चाक चार दिवस खपून बनवलं, माझ्या फडताळाच्या मुठी काढून. राग तुमचा नाही त्यांना, बाई म्हणाल्या, आपलं हसं झालं असं वाटतंय. पुरुषाला तेवढं सोसत नाही.

"मग त्यांना सांगाल का," धाकटी म्हणाली, "की विद्यार्थिनी तीच आहे. अडलेलं प्रकरणही तेच आहे. फक्त वय वाढलंय."

बाई हसल्या नाहीत. सांगते, म्हणाल्या.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी ती कवळी घासत असताना फोन वाजला. कुठली तरी टोचली असणार, असं समजून तिनं चाक थांबवलं. पलीकडून सर म्हणाले, "रविवारी दहाला ये. वही आण, आणि पेन नको, पेन्सिल." इतके महिने अहो-जाहो करणाऱ्या माणसानं तिला अगं-तुगं केलं होतं. धाकटीनं फोन ठेवला आणि बराच वेळ हातातली कवळी तशीच धरून बसली.

सात रविवार मिळाले. सरांनी तिला फिरत्या स्टुलावर बसवलं, गरगर फिरणारं चाक हातात दिलं आणि आडवं कर म्हणाले. तिनं चाक आडवं केलं आणि स्टूल तिला घेऊन आपोआप वळलं. पुस्तकात कित्येक आठवडे न कळलेली गोष्ट पाठीच्या कण्याला कळली. सर गप्पा मारत नसत. भाचीचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. पूर्वीच्या शनिवारांसारखं ते नव्हतंच. तेव्हा ती बोलायची आणि सर ऐकायचे, आता सर बोलायचे आणि ती गणितं चुकायची. कधीकधी तिला त्या खोट्या शनिवारांची चुटपुट लागायची. मग स्वतःलाच दटावायची, धाकटे, गणित बघ.

परीक्षेच्या केंद्रावर पहारेकऱ्यानं तिला अडवलं आणि पालकांनी दोरीबाहेर थांबायचं म्हणून सांगितलं. तिनं प्रवेशपत्र दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि जा म्हणाला. वर्गावर लक्ष ठेवणारी बाई तिच्याहून लहान होती. तीन तास संपल्यावर फाटकाबाहेर गर्दी उसळली. प्रत्येक मुलाला कुणी ना कुणी घेरलं होतं, पाण्याची बाटली पुढे करत, कसा गेला विचारत. ती कडेकडेनं निघाली, तर एका आईनं तिला थांबवून विचारलं, तुमच्या मुलीला कसा गेला?

"मीच दिला पेपर," धाकटी म्हणाली. "भौतिकशास्त्र बरं गेलं. रसायन अवघड होतं."

बाई क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, आमच्या मुलीलाही रसायनच अवघड गेलं. आणि दोघी बसथांब्यापर्यंत रसायनावर बोलत गेल्या.

एकतीस मार्कांनी हुकलं. तो आकडा तिनं आधी सरांना सांगितला, मग दादाला. दादाला सगळंच नवीन होतं. मला आधी का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं. तू हसला असतास, ती म्हणाली. तो म्हणाला, हसलो असतो. पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मी येतो, असंही म्हणाला. पुढच्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही, पण सकाळी सहाला त्याचा फोन आला, आणि तेवढ्यावरही तिनं पेपर बरा लिहिला.

त्या दुसऱ्या वर्षी तिनं नवं काही घेतलं नाही. खोकं दुकानात नेऊन दिलं, ज्याला हवं त्याला द्या म्हणाली. राहिली तीन पुस्तकं. ती इतकी वाचली की त्यांचे कोपरे गोल झाले. तिसऱ्या यादीत तिचं नाव लागलं, शेवटून चौथं. कॉलेज इतकं लांब, की घर बंद करून जावं लागणार होतं. चाक, साचे, मेणाची भांडी तिनं दुसऱ्या एका कारागिराला देऊन टाकली. निघताना सर आणि बाई थांब्यावर आले. सरांनी पोहोचलीस की कळव म्हणून सांगितलं, बाईंनी पिशवी हातात दिली, आणि गाडी लवकर सुटली.

वसतिगृहाच्या रेक्टरना तिचं काय करावं कळेना. अठरा वर्षांच्या मुलींच्या खोलीत कशी ठेवायची? शेवटी टोकाची, पाहुण्यांसाठी राखलेली खोली तिला मिळाली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. पहिल्या रविवारी इतर मुलींना भेटायला घरची माणसं आली होती. व्हरांड्यात हसण्याचा गलका होता. धाकटी दार लावून पहिल्या वर्षाच्या पुस्तकांची यादी घेऊन बसली. शरीररचनेसाठीच तीन पुस्तकांची नावं होती, आणि वरच्या वर्गातली प्रत्येक मुलगी वेगळंच सांगत होती. तिनं सरांना फोन लावला.

सरांनी तिन्ही नावं शांतपणे ऐकून घेतली.

"मला यातलं काही कळत नाही गं," ते म्हणाले. "आता तुझं तूच बघ."

जेवण बरं आहे का, विचारून त्यांनी फोन बाईंना दिला. बाई दोन मिनिटं बोलल्या आणि फोन ठेवला. धाकटी उठली, केस बांधले आणि ग्रंथालयात गेली. रविवार असल्यामुळे तिथं कुणी नव्हतं. तिनं तिन्ही पुस्तकं कपाटातून काढून खिडकीजवळच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडली. तिन्हींतलं खांद्याच्या सांध्याचं प्रकरण शोधलं, आणि पहिल्याच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.